जुन्या जीपसाठी गिअरबॉक्स निवडताना...

पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसविला की जुनी जीप सुधारते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात गिअरची संख्या हा या निवडीतील सर्वांत शेवटचा मुद्दा असायला हवा. इंजिन, एक्सल, टायर, प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेक या साऱ्यांचा हिशेब आधी मांडला नाही, तर पैसा जातो आणि घाटात गाडीचा भरवसाही जातो.

मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या आवारात, नाशिक-कोल्हापूरकडच्या शेतवाड्यांवर आणि डोंगरवाटा धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींकडे जुन्या जीप आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. काही गाड्या घरात वडिलोपार्जित चालत आलेल्या असतात, तर काही लष्कराच्या लिलावातून खासगी हातांत आलेल्या असतात. इंजिनाची दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी होते, पत्राही बदलता येतो. मात्र, गिअरबॉक्सने दगा दिला की मालक पेचात पडतो. आहे तोच उघडून दुरुस्त करावा, तसाच दुसरा शोधावा, की नंतरच्या एखाद्या गाडीचा आणून बसवावा? गॅरेजमध्ये या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते आणि तेथेच चुकीची सुरुवात होते.

तीन गिअरचा वारसा

महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ मध्ये झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी येथे सुरू झाली. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप पुढे भारतात कित्येक वर्षे तयार होत राहिली. रस्त्यांवर दिसणाऱ्या अनेक जुन्या जीप याच घराण्यातल्या आहेत.

या घराण्याचा मूळ गिअरबॉक्स म्हणजे टी-९०. त्याला पुढचे तीन आणि मागचा एक गिअर. पहिल्या गिअरचे प्रमाण २.८०, दुसऱ्याचे १.५५ आणि तिसऱ्याचे १. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या २.८० फेऱ्या होतात तेव्हा गिअरबॉक्समागचा शाफ्ट एकदा फिरतो. वेग जितक्या पटीने घटतो, जवळपास तितक्याच पटीने ओढ वाढते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. त्यामुळे गाडी थांबविल्याशिवाय किंवा डबल क्लच केल्याशिवाय तो गुपचूप पडत नाही, दात करकरतात.

गिअरबॉक्सच्या पाठीशी ट्रान्सफर केस असते. चारही चाकांना ताकद वाटून देणे आणि 'लो' रेंजमध्ये ओढ आणखी वाढविणे, ही तिची दोन कामे. विलीजच्या या रचनेत स्पायसर १८ ही ट्रान्सफर केस वापरली गेली. तिच्या लो रेंजचे प्रमाण २.४६. त्यापुढे एक्सलमधील क्राउन आणि पिनियन. सीजे-३बीमध्ये त्यांचे मूळ प्रमाण ५.३८. ही तीन प्रमाणे एकमेकांना गुणली की पहिल्या लो गिअरमध्ये गाडीचे एकूण प्रमाण निघते. २.८०, २.४६ आणि ५.३८ यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो. इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाक एकदा फिरते. गिअरबॉक्स निवडण्याचे सारे शास्त्र या गुणाकारात सामावलेले आहे.

आधी रोगनिदान

गिअरबॉक्स बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोष खरोखरच त्याचा आहे का, याची खातरजमा करणे आवश्यक असते. गिअर जड पडत असेल, तर पुष्कळदा क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडलची फिरकी, लिंकेज आणि क्लच प्लेट तपासल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरविणे म्हणजे डोके दुखते म्हणून दात काढण्यासारखे आहे.

आवाजावरून बरेच काही कळते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्समधील पुढच्या मुख्य बेअरिंगवर किंवा खालच्या काउंटर शाफ्टवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश खराब असण्याची शक्यता अधिक. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आवाज आणि तिसऱ्यात शांतता असेल, तर दोष बहुधा काउंटर शाफ्टचा. कारण तिसऱ्या गिअरमध्ये ताकद सरळ मागे जाते, काउंटर शाफ्टवर भार पडत नाही. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तरी आवाज सुरूच राहिला, तर तो ट्रान्सफर केस, शाफ्ट किंवा एक्सलकडून येतो. अर्थात, ही तपासणी मोकळ्या, सौम्य उताराच्या जागी करावी, घाटात नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्पायसर १८ मध्ये 'हाय' रेंजलाही ताकद दातांच्या जोडीतूनच जाते, कारण बाहेर पडणारा शाफ्ट गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत नसतो. त्यामुळे या जीपमध्ये थोडी शीळ ही उपजतच असते. ती नाहीशी व्हावी म्हणून गिअरबॉक्स बदलणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे दुसरा गिअर निसटणे. मूळ जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे, त्यांना व्हॅक्यूमची मदत नाही. वरंध किंवा ताम्हिणीसारखा घाट उतरताना अशा गाडीचा मुख्य लगाम म्हणजे इंजिन. ऐन वळणावर दुसरा गिअर निसटला, तर तो लगामच हातातून सुटतो आणि सगळा भार आधीच तापलेल्या ब्रेकवर येतो. झिजलेले दात, सैल झालेला सिंक्रो, शाफ्टला आलेली पुढे-मागे ढिलाई, कमकुवत झालेली फोर्कची स्प्रिंग, तुटलेले रबर माउंटिंग किंवा बेल हाउसिंग वाकडी बसणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. शेवटची दोन कारणे दुरुस्त न करता नवा गिअरबॉक्स बसविला, तर काही महिन्यांत तोही गिअर फेकू लागतो.

कागदावरचा हिशेब

निदान झाले आणि गिअरबॉक्स बदलायचेच ठरले, की पहिले काम कागद-पेन्सिलीचे. त्यासाठी तीन आकडे हवेत: टायरचा घेर, एक्सलचे प्रमाण आणि इंजिन सुखाने किती फेऱ्यांवर चालते तो आकडा.

टायरचा घेर मोजणे सोपे आहे. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत गाडी ढकलावी आणि अंतर मोजावे. ६.००-१६ या मूळ मापाच्या टायरसाठी ते सुमारे सव्वादोन मीटर भरते. एक्सलच्या प्रमाणाबाबत कंपनीच्या कागदावर विसंबू नये. इतक्या वर्षांत क्राउन-पिनियन बदललेले असू शकतात. ते मोजण्याचीही साधी रीत आहे. पुढच्या चाकांना उटी लावावी, गिअर न्यूट्रल ठेवावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचलावे. ते हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवावे आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते मोजावे. एक चाक जमिनीवर स्थिर असल्याने दोन फेऱ्यांचा हिशेब एका फेरीइतका होतो आणि शाफ्टच्या फेऱ्या म्हणजेच एक्सलचे प्रमाण. सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान आकडा आला, तर ५.३८ समजावे.

आता वेगाचा हिशेब करता येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. सव्वादोन मीटरच्या घेराचे चाक त्यासाठी मिनिटाला सुमारे ४४४ फेऱ्या घेते. त्याला ५.३८ ने गुणले, की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे २४०० फेऱ्या निघतात. ताशी ८० च्या वेगाला हाच आकडा ३२०० वर जातो. ताशी १०० ला तो ४००० च्या घरात पोहोचतो आणि मूळ पेट्रोल इंजिनाची कमाल ताकदच मुळी ४००० फेऱ्यांवर सांगितलेली होती. द्रुतगती मार्गावर जुनी जीप का किंचाळते, याचे उत्तर या तीन ओळींत आहे. दोष गिअरबॉक्सच्या म्हातारपणाचा नाही. ती रचनाच शेतातल्या आणि रणांगणावरच्या वेगासाठी झालेली होती.

चार गिअर म्हणजे किती गिअर?

आता पर्याय पाहू. टी-९० ऐवजी चार गिअरचा गिअरबॉक्स बसविणे हा जुना आणि लोकप्रिय मार्ग. अमेरिकेत विलीज घराण्याच्या गाड्यांसाठी टी-९८ हा चार गिअरचा गिअरबॉक्सही वापरला गेला. त्याची प्रमाणे ६.४०, ३.०९, १.६९ आणि १.

या आकड्यांकडे नीट पाहिले, की एक गंमत लक्षात येते. ६.४० चा पहिला गिअर इतका संथ आहे, की रस्त्यावर कोणी तो वापरतच नाही. गाडी दुसऱ्यावरच उचलली जाते. उरलेले तीन गिअर ३.०९, १.६९ आणि १ म्हणजे जवळपास टी-९० चेच गिअर झाले. चौथा गिअरही सरळच असल्याने ताशी ८० ला इंजिनाच्या फेऱ्या पूर्वीइतक्याच, म्हणजे ३२००. हमरस्त्यावरच्या प्रवासासाठी हा गिअरबॉक्स घेणाऱ्याने खर्च करून काहीच मिळविलेले नसते.

मात्र, ज्याची गाडी खडकाळ वाटेवर, चिखलात किंवा ओढ्याच्या पात्रात चालते, त्याच्यासाठी हाच गिअरबॉक्स वरदान ठरतो. लो रेंजमध्ये एकूण प्रमाण ३७ वरून सुमारे ८५ वर जाते. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर असताना टी-९० ची जीप पहिल्या लो गिअरमध्ये ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटरने चालते, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीने. टी-९८ बसविलेली जीप त्याच फेऱ्यांवर ताशी दीड किलोमीटरच्या आसपास सरपटते. खडकावरून उतरताना ब्रेकला पायही लावावा लागत नाही, क्लचही जळत नाही.

नावावरून मात्र फसू नये. टी-१८ या चार गिअरच्या गिअरबॉक्सचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत काही गाड्यांत त्याचा पहिला गिअर ६.३२ होता, तर १९७० च्या दशकातील सीजे जीपमध्ये ४.०२. नाव एक, बाहेरचे कवच सारखे आणि स्वभाव निराळा. भारतात महिंद्रच्या नंतरच्या जीपमध्येही वेगवेगळ्या काळात वेगवेगळे चार आणि पाच गिअरचे गिअरबॉक्स आले. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न जाता गिअर मोजूनच घ्यावा. त्याची रीत पुढे दिली आहे.

पाचवा गिअर, ओव्हरड्राइव्ह आणि तिसरा मार्ग

पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे खरे आकर्षण म्हणजे ०.८ च्या आसपासचा पाचवा गिअर. त्यात मागचा शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरतो. वरच्याच हिशेबात ३२०० ला ०.८ ने गुणले, की ताशी ८० ला फेऱ्या सुमारे २५५० वर येतात. आवाज घटतो, इंजिनाला उसंत मिळते.

परंतु या गिअरला ताकदही लागते. जीपची काच उभी, नाक बोथट, अंग चौकोनी. वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. मूळ पेट्रोल इंजिनाची ताकद जेमतेम ७० अश्वशक्तीच्या आसपासची आणि तीही नवेपणी. झिजलेल्या इंजिनाला पाचवा गिअर सपाटीवर, वारा पाठीशी असतानाच पेलतो. जरा चढ लागला, की पुन्हा चौथा. सुस्थितीतील डिझेल इंजिन असेल, उदाहरणार्थ महिंद्रच्या अनेक जीपमध्ये आलेले २११२ सीसीचे प्यूजो इंजिन, तर कमी फेऱ्यांवरची ओढ बरी असल्याने पाचव्या गिअरचा उपयोग अधिक होतो.

दुसरा उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह. स्पायसर १८ च्या मागील बाजूस यंत्रे चालविण्यासाठी ताकद बाहेर घेण्याची एक खिडकी असते. त्या जागी बसणारे ओव्हरड्राइव्ह अमेरिकेत तयार झाले. ते इंजिनाच्या फेऱ्या सुमारे २५ टक्क्यांनी उतरवते. गिअरबॉक्सला, शाफ्टच्या लांबीला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. परदेशातून मागविण्याचा खर्च आणि सुट्या भागांची अडचण, हे त्याचे दोष.

तिसऱ्या मार्गाचा विचार फारसा कोणी करत नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियन ५.३८ ऐवजी ४.२७ चे बसविले, तर ताशी ८० ला फेऱ्या २५३० च्या आसपास येतात. म्हणजे पाचव्या गिअरइतकाच लाभ आणि गिअरबॉक्स जागच्या जागी. मोबदल्यात लो रेंजमधील एकूण प्रमाण ३७ वरून सुमारे २९ वर घसरते. शहर आणि हमरस्ता यांतच फिरणाऱ्या गाडीला ते चालण्यासारखे असते. दोन्ही एक्सलचे प्रमाण एकच असणे मात्र अनिवार्य आहे. एकच एक्सल बदलून फोर बाय फोर लावले, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध झगडतात आणि ट्रान्सफर केसचे दात जातात.

एखादा इंच महागात पडतो

कागदावर गिअर जुळले तरी लोखंडात जुळतीलच असे नाही. सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर अवघे ८० इंच. त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकामागून एक बसल्यावर मागच्या प्रॉपेलर शाफ्टला फारशी जागा उरत नाही. नवा गिअरबॉक्स जितका लांब, तितका तो शाफ्ट आखूड होतो आणि जितका आखूड, तितका त्याचा कोन तीव्र. युनिव्हर्सल जॉइंटला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील 'क्रॉस'ला, तीव्र कोनात फिरणे मानवत नाही. थरथर सुरू होते, क्रॉस वारंवार झिजतात, शेवटी पिनियनचे सील आणि बेअरिंग जाते. पुढच्या शाफ्टची मात्र उलट स्थिती असते, तो लांब करावा लागतो. दोन्ही शाफ्ट कापून-जोडून घेतल्यावर त्यांचे बॅलन्सिंग अत्यावश्यक ठरते.

दुसरा मुद्दा दिशेचा. विलीजच्या मूळ रचनेत शाफ्ट मध्यरेषेवर नसतात, ते उजव्या बाजूला सरकलेले असतात आणि एक्सलचा गोळाही त्याच बाजूला असतो. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स तिच्या ट्रान्सफर केससह आणला आणि त्या केसचा शाफ्ट डावीकडून किंवा मध्यातून निघत असला, तर एक्सलही बदलण्याची पाळी येते. गिअरबॉक्सपासून सुरू झालेले काम अर्धी गाडी बदलूनच थांबते.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हँडब्रेकचा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागील शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर काम करतो. ट्रान्सफर केस बदलली, की हँडब्रेकही गेला. नवी रचना न करता गाडी बाहेर काढणे हे चढावर उभ्या केलेल्या गाडीच्या आणि तिच्यामागून चालणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे होय. आराखडा ठरवितानाच मेकॅनिकला हा प्रश्न विचारायला हवा.

इंजिनाकडच्या बाजूचेही चार सांधे तपासावे लागतात. बेल हाउसिंगच्या बोल्टांच्या जागा, पुढच्या शाफ्टची लांबी, त्याच्या टोकाचे पायलट बुशमध्ये बसणारे माप आणि क्लच प्लेटच्या खाचांची संख्या. हे जुळत नसेल तेथे मध्ये ॲडॅप्टर प्लेट बनवून घेतात. ती लेथवर अचूक झाली पाहिजे, कारण इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य एकाच रेषेत असावा लागतो. केवळ नजरेने जुळविलेल्या प्लेटमुळे पुढचे बेअरिंग आणि क्लच अकाली जातात आणि गिअर निसटण्याचा जुना रोग नव्या गिअरबॉक्सलाही जडतो. डायल गेज लावून मध्य तपासणारा कारागीर निवडावा, मग तो चार पैसे जास्त घेईना का.

जिप्सीची गोष्ट वेगळी

मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये एक लिटरचे इंजिन आणि चार गिअर घेऊन आली. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग पाच गिअरसह बाजारात आली. या गाडीची रचना जीपहून मूलतः भिन्न आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती स्वतंत्र टांगलेली असते आणि दोघांना एक छोटा शाफ्ट जोडतो. त्यामुळे गिअरबॉक्सच्या लांबीतील फरक या छोट्या शाफ्टमध्ये सामावून घेता येतो. मागचे-पुढचे लांब शाफ्ट आणि एक्सल यांना धक्का लागत नाही.

म्हणूनच जिप्सीबाबत बहुतेक वेळा त्याच मॉडेलचा, सुस्थितीतील गिअरबॉक्स शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. अधिक संथ चाल हवी असेल, तर गिअरबॉक्सऐवजी ट्रान्सफर केसमधील दात बदलण्याचा पर्यायही या गाडीला उपलब्ध असतो. जीपला जो नियम लागू, तोच जिप्सीला लावणाऱ्या मेकॅनिकपासून सावध राहावे.

बाजारात पाऊल टाकताना

जुने गिअरबॉक्स मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत आणि ठिकठिकाणच्या जुन्या जीप मोडणाऱ्यांकडे मिळतात. तेथे जाताना खडू, बॅटरी आणि चुंबक एवढे साहित्य सोबत असावे.

पहिली पायरी म्हणजे गिअर मोजणे. गिअर टाकून पुढचा शाफ्ट हाताने फिरवावा आणि मागचा शाफ्ट एकदा पूर्ण फिरेपर्यंत पुढच्याच्या किती फेऱ्या होतात ते खडूच्या खुणेवरून मोजावे. साडेसहाच्या जवळ आकडा आला तर तो संथ पहिला गिअर, चारच्या आसपास आला तर रस्त्याचा. दुसरी पायरी, तेलाचा बोल्ट उघडून चुंबक फिरवावा. बारीक करडी पूड चिकटणे स्वाभाविक आहे. दाताचे तुकडे किंवा चमकदार कपचे निघाले, तर पाठ फिरवावी. तेलात पिवळी चमक दिसली, तर सिंक्रो रिंग झिजल्या असे समजावे. तिसरी पायरी, वरचे झाकण उघडायला लावून प्रत्येक दात पाहावा. टोकाला गोलाई आलेले, कोपरे उडालेले दात म्हणजे निसटणारा गिअर. झाकण उघडू न देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

शक्य असेल तेव्हा गिअरबॉक्ससोबत त्याचीच बेल हाउसिंग, क्लचचा फोर्क, गिअरचा दांडा आणि स्पीडोमीटरचे छोटे चाक मागून घ्यावे. नंतर हेच किरकोळ भाग सापडत नाहीत आणि काम अडते. बसविण्यापूर्वी सर्व बेअरिंगे आणि ऑइल सील नवी घालावीत. तेलाबाबतही काळजी हवी. पिवळ्या धातूच्या सिंक्रो रिंग असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचे ९० ग्रेडचे तेल योग्य. एक्सलसाठी असलेले जीएल-५ तेल अधिक चांगले म्हणून त्यात ओतू नये. त्यातील रसायने पिवळ्या धातूला अपायकारक ठरू शकतात.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चासी यांचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा सहसा नसतो. त्यामुळे त्याच जातीचा गिअरबॉक्स बसविणे ही दुरुस्ती मानली जाते. परंतु गिअरबॉक्ससोबत इंजिनही बदलले किंवा चासीचा आडवा दांडा कापला, तर प्रकरण वेगळे होते. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. अपघातानंतर तो उघड झाला, तर दावा अडचणीत येऊ शकतो.

आणखी एक बाब. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. ज्यांची जीप या वयाची आणि मूळ रूपातली आहे, त्यांनी कापाकापी करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मग निवडावे काय?

वर्षातून चार-सहा वेळा गावी आणि आठवड्यातून एकदा शहरात फिरणारी जीप असेल आणि इंजिन मूळचे असेल, तर टी-९० च नीट उघडून, नवी बेअरिंगे, सिंक्रो आणि सील घालून पुन्हा बसवावा. सर्वांत कमी खर्चात सर्वांत कमी कटकट याच मार्गाने होते. खडक, चिखल आणि डोंगरवाटा हेच गाडीचे जग असेल, तर संथ पहिल्या गिअरचा चार गिअरचा गिअरबॉक्स घ्यावा आणि हमरस्त्यावर ताशी ६० वर समाधान मानावे. लांबच्या प्रवासाची हौस असेल, इंजिन दमदार असेल आणि मागच्या शाफ्टला पुरेशी लांबी उरत असेल, तरच पाच गिअरचा विचार करावा. त्यातही आधी क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च विचारून तुलना करावी.

कोणताही पर्याय निवडला तरी मेकॅनिकला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच्याकडून काही आकडे कागदावर लिहून घ्यावेत: नव्या गिअरबॉक्सचे प्रत्येक गिअरचे प्रमाण, त्याची लांबी जुन्यापेक्षा किती अधिक, मागचा शाफ्ट किती उरणार, हँडब्रेक कोठे बसणार आणि सुटे भाग कोठे मिळणार. ज्याला हे आकडे देता येत नाहीत, त्याने असे काम पूर्वी नीट केलेले नाही, असे खुशाल समजावे. उतरविलेला जुना गिअरबॉक्सही भंगारात घालू नये. तेल भरून, तोंडे बंद करून तो कोरड्या जागी ठेवावा. पुढेमागे गाडी मूळ रूपात आणायची झाल्यास, किंवा नव्या गिअरबॉक्सने ऐन हंगामात दगा दिल्यास, तोच उपयोगी पडतो.